केट्सबीचे अखेरचे चार दिवस

सोमवार, ४ नोव्हेंबर १६०५. दिवसा.
लंडनमध्ये उमरावसभेच्या दालनाखाली भाड्याने घेतलेली कोठी. तिच्यात सरपणाचा ढीग आणि त्याखाली बंदुकीच्या दारूची ३६ पिंपे. पाहणीला आलेला लॉर्ड सफोक तिथल्या नोकराला हटकतो. सरपण माझ्या धन्याचं, टॉमस पर्सीचं, असं उत्तर मिळतं. सफोक परत जातो. उद्या राजा पहिला जेम्स इथे संसद उघडणार आहे.

संध्याकाळ.
कटाचा सूत्रधार रॉबर्ट केट्सबी मिडलंड्सच्या वाटेला लागतो. स्फोटानंतर तिकडे कॅथलिकांचा उठाव करायचा, राजकन्या एलिझाबेथला ताब्यात घेऊन गादीवर बसवायचं, असा बेत आहे. त्याच्या वडिलांनी कॅथलिक श्रद्धेपायी तुरुंग भोगला होता. त्याचा राग खरा होता, हे मान्यच करायला हवं. पण दालनात कॅथलिक उमरावही बसणार होते. युद्धात निरपराध मेले तर पाप लागतं का, असं त्याने जेझुइट धर्मगुरू गार्नेटला आडून विचारून घेतलं होतं. माँटीगल या उमरावाला संसदेत न येण्याचा इशारा देणारं निनावी पत्र २६ ऑक्टोबरला पोचलं, हेही त्याच्या कानावर आलं होतं. तेव्हा थांबता आलं असतं. तो थांबला नाही.

मध्यरात्र.
दुसरी झडती. तो 'नोकर' पकडला जातो. नाव सांगतो जॉन जॉन्सन. खरा तो गाय फॉक्स.

मंगळवार, ५ नोव्हेंबर.
कटातला साथीदार रूकवुड घोडा फेकत येऊन केट्सबीला रस्त्यात गाठतो. सगळं फुटलं. अजूनही परदेशी निसटणं शक्य होतं. संध्याकाळी डनचर्चला शिकारीच्या निमित्ताने जमलेल्या मंडळींना केट्सबी सांगतो, राजा मेला. या घटनाक्रमात मला सर्वांत जास्त खुपतं ते हेच. श्रद्धेसाठी प्राण द्यायला निघालेला माणूस आपल्याच धर्मबांधवांना खोटं सांगून फाशीच्या वाटेवर ओढत होता. बरेचजण रात्रीतच पांगले.

बुधवार, ६ नोव्हेंबर.
पहाटेपूर्वी वॉरिक किल्ल्याच्या तबेल्यातून घोडे पळवले. दुपारी हडिंग्टन. गार्नेटकडे मदत मागितली. त्याने हा नाद सोडा असं कळवलं.

गुरुवार, ७ नोव्हेंबर.
दिवसभर पाऊस. वाटेतल्या गावकऱ्यांना हाक दिली, आम्ही देवासाठी, देशासाठी लढतोय. आम्ही देवाचे, देशाचे आणि जेम्स राजाचेही, म्हणत गावकरी जागचे हलले नाहीत.

रात्री दहाच्या सुमारास.
स्टॅफर्डशायरमधलं होलबीच हाऊस. उघड्या गाडीतून आणलेली दारू भिजलेली. ती वाळवायला चुलाण्यापुढे पसरतात. ठिणगी उडते. केट्सबी, रूकवुड आणि साथीदार मॉर्गन भाजतात. आणखी एक साथीदार ग्रँट, त्याचे डोळे जातात.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर. सकाळी अकरा.
वूस्टरशायरचा शेरीफ वॉल्श दोनशे माणसांनिशी घराला वेढा घालतो. केट्सबी आणि कटातला साथीदार पर्सी पाठीला पाठ लावून उभे आहेत. त्या दोघांना एकाच गोळीने पाडलं, असं सांगतात. केट्सबी रांगत आत जातो आणि मेरीमातेचं चित्र छातीशी धरून मरतो.

पुढे त्याचं प्रेत उकरून मुंडकं संसदेपाशी लावण्यात आलं. १६०६ मध्ये संसदेने नवे कायदे केले. कॅथलिकांवर राजनिष्ठेच्या शपथेची सक्ती आली आणि वकिली व वैद्यकी त्यांना बंद झाली. होलबीचच्या वाटेवर जे त्याच्यासोबत गेले नव्हते, त्यांनाही.