जुना टीव्ही, नवा कन्सोल: केबल बसते, मग चित्र का येत नाही?

बाजारात एक केबल अगदी सहज मिळते. एका टोकाला एचडीएमआयची चपटी पिन आणि दुसऱ्या टोकाला पिवळी, लाल, पांढरी अशा तीन गोल पिना. घरात जुना डबा टीव्ही आहे आणि हातात प्लेस्टेशन ४ आलंय, तर आपल्याला हीच केबल हवी होती असं कुणालाही वाटेल. केबल दोन्हीकडे नीट बसते. टीव्ही मात्र काळाच राहतो.

मग सुरू होतात शंका. टीव्ही बिघडला? सेकंड हँड घेतलेला कन्सोल खराब निघाला? बहुतेक वेळा दोन्ही धडधाकट असतात. चूक त्या केबलमध्ये असते, कारण पिन बसली म्हणजे सिग्नल जुळला असं होत नाही. एवढी एक गोष्ट नीट कळली, तर चुकीची केबल घेण्यात जाणारे पैसे वाचतात आणि चालता टीव्ही भंगारात जाण्यापासूनही वाचतो.

नेमकी अडचण कुठे आहे?

जुने टीव्ही अ‍ॅनालॉग सिग्नलवर चालतात. म्हणजे चित्राचा उजेड आणि रंग तारेतल्या विजेच्या चढउतारातून टीव्हीपर्यंत पोहोचतात. पिवळ्या पिनेतून येतो तो हाच सिग्नल, त्याला कंपोझिट म्हणतात. लाल आणि पांढरी पिन फक्त आवाजासाठी असते.

एचडीएमआय मात्र डिजिटल आहे. त्याचं पहिलं स्पेसिफिकेशन डिसेंबर २००२ मध्ये आलं. यात चित्र आणि आवाज दोन्ही आकड्यांच्या रूपात एकाच केबलमधून जातात.

डिजिटलचं अ‍ॅनालॉग करायचं, तर मध्ये चिप लागते आणि त्या चिपला वीज लागते. साध्या केबलमध्ये नुसत्या तारा असतात, त्यामुळे वर सांगितलेली केबल कन्सोलसाठी निरुपयोगी ठरते. हवा असतो तो कन्व्हर्टर, म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडा मोठा असा एक डबा.

कोणत्या कन्सोलमधून काय बाहेर येतं?

काहीही विकत घेण्याआधी हे तपासायला हवं.

- नव्वदच्या दशकातले कॅसेटवाले व्हिडिओ गेम: पिवळी पिन किंवा थेट अँटेनाच्या सॉकेटमध्ये जाणारी आरएफ केबल. आरएफ असेल तर टीव्ही एका ठरावीक चॅनेलवर ट्यून करावा लागतो.
- प्लेस्टेशन १ आणि २: अ‍ॅनालॉग. सोबत पिवळी-लाल-पांढरी केबल यायची. प्लेस्टेशन २ ला चांगल्या चित्रासाठी वेगळी कंपोनंट केबलही लावता येते.
- निन्टेंडो वी: अ‍ॅनालॉग. एचडीएमआय नाही.
- एक्सबॉक्स ३६०: २००५ मध्ये आला तेव्हा एचडीएमआय नव्हतं. २००७ पासूनच्या मॉडेलमध्ये मिळू लागलं.
- प्लेस्टेशन ३: दोन्ही. एचडीएमआय पोर्ट आहे आणि जुन्या केबलसाठीचं सॉकेटही.
- प्लेस्टेशन ४ आणि ५, एक्सबॉक्स वन आणि त्यापुढचे: फक्त एचडीएमआय.
- निन्टेंडो स्विच: डॉकमधून एचडीएमआय. स्विच लाइट टीव्हीला जोडताच येत नाही.

म्हणजे घरात डबा टीव्ही असेल तर प्लेस्टेशन ३ पर्यंतचे कन्सोल योग्य केबलने थेट चालतात. प्लेस्टेशन ४ पासून पुढे कन्व्हर्टरशिवाय पर्याय नाही.

नवा कन्सोल, जुना टीव्ही: कन्व्हर्टर घेताना काय पाहायचं?

पहिली गोष्ट म्हणजे दिशा. ‘एचडीएमआय टू एव्ही’ आणि ‘एव्ही टू एचडीएमआय’ हे दोन वेगळे डबे आहेत. दिसायला ते जवळपास सारखेच असतात, पण एकाचं काम दुसरा करू शकत नाही. नवा कन्सोल जुन्या टीव्हीला जोडायचा, तर एचडीएमआयच्या बाजूला ‘इन’ आणि तीन रंगांच्या बाजूला ‘आऊट’ लिहिलेलं हवं.

दुसरी गोष्ट वीज. हे डबे ५ व्होल्टवर चालतात आणि सोबत यूएसबी वायर येते. ती मोबाइलच्या चार्जरला लावली तरी चालते, पण न लावता चित्र येईल अशी अपेक्षा नको.

तिसरी गोष्ट डब्यावरचं छोटं बटण, ज्यावर पाल आणि एनटीएससी असं लिहिलेलं असतं. भारतात १९८२ मध्ये दूरदर्शनचं रंगीत प्रसारण सुरू झालं ते पाल पद्धतीवर. पालमध्ये चित्राच्या ५७६ दृश्य रेषा आणि ५० हर्ट्झचा वेग असतो. अमेरिका आणि जपानमधल्या एनटीएससीत साधारण ४८० रेषा आणि ६० हर्ट्झ. दोन्हींची रंग पाठवण्याची पद्धतही वेगळी आहे. त्यामुळे चित्र आलं पण ब्लॅक अँड व्हाइट आलं, किंवा वरखाली सरकत राहिलं, तर हे बटण आधी बदलून पाहा. नंतरच्या काळातले बरेच रंगीत टीव्ही दोन्ही पद्धती ओळखतात, जुने मात्र अडतात.

आता कन्व्हर्टरकडून काय मिळणार नाही, तेही समजून घ्यायला हवं. १०८०पी चित्रात सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात. डबा टीव्हीसाठी ते ७२० बाय ५७६ मध्ये बसवलं तर उरतात साधारण ४ लाख १५ हजार, म्हणजे पाचातला एकच हिस्सा. फुटबॉल किंवा कार रेसिंगमध्ये हे फारसं जाणवत नाही. पण ज्या गेममध्ये बारीक अक्षरांतल्या सूचना वाचाव्या लागतात, तिथे डोळ्यांना ताण येतो. हे पूर्वीही झालंय. २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर आलेल्या ‘डेड रायझिंग’ या गेममधली अक्षरं साध्या टीव्हीवर वाचताच येत नाहीत, अशी तक्रार तेव्हाच्या खेळाडूंनी केली होती. तो गेम एचडी टीव्ही डोळ्यांसमोर ठेवून बनवला होता आणि अनेकांच्या घरी तो टीव्ही नव्हता.

सगळं बरोबर जोडलं, तरी स्क्रीन काळी?

याची दोन मोठी कारणं असतात.

एक, एचडीसीपी. सिनेमांची कॉपी होऊ नये म्हणून एचडीएमआयवर हे कुलूप असतं. समोरचं यंत्र ते ओळखत नसेल तर चित्रच येत नाही. काही स्वस्त कन्व्हर्टर आणि जुने मॉनिटर इथेच अडकतात. प्लेस्टेशन ४ आणि ५ च्या सेटिंगमध्ये एचडीसीपी बंद करता येतं. ते बंद केलं की गेम चालतात, पण नेटफ्लिक्ससारखी अ‍ॅप चालत नाहीत. प्लेस्टेशन ३ मध्ये एचडीएमआयवरचं हे कुलूप बंद करण्याची सोय नाही.

दोन, रिझोल्यूशन. कन्सोल आधी मोठ्या टीव्हीवर वापरलेला असेल तर तो त्याच सेटिंगवर चित्र पाठवत राहू शकतो. सेकंड हँड प्लेस्टेशन ३ बाबत हा घोळ हमखास होतो. कन्सोल बंद असताना पॉवर बटण दाबून धरा आणि दुसरी बीप ऐकू आली की सोडा, चित्राचं सेटिंग पुन्हा मूळ जागी येतं. प्लेस्टेशन ४ आणि ५ मध्ये असंच सुमारे ७ सेकंद बटण धरलं की दुसऱ्या बीपनंतर सेफ मोड उघडतो. तिथे रिझोल्यूशन बदलता येतं. त्यासाठी कंट्रोलर मात्र यूएसबी केबलने जोडावा लागतो.

जुना कन्सोल, नवा टीव्ही

आता उलट बाजू. कपाटातला प्लेस्टेशन २ बाहेर काढला आणि नव्या एलईडी टीव्हीमागे पिवळं सॉकेटच दिसत नाही. अशा वेळी लगेच कन्व्हर्टर घ्यायला धावू नका. आधी टीव्हीची मागची बाजू नीट बघा.

अनेक टीव्हींमध्ये कंपोनंट आणि कंपोझिटसाठी एकच जागा दिलेली असते. तिथे पिवळी पिन हिरव्या सॉकेटमध्ये लावायची असते, लाल आणि पांढरी आवाजाच्या सॉकेटमध्ये. मग इनपुटमध्ये ‘एव्ही’ निवडायचं. काही टीव्हींमध्ये हेडफोनसारखं एकच बारीक छिद्र असतं आणि त्यावर ‘एव्ही इन’ लिहिलेलं असतं. त्यासाठी एका बाजूला ३.५ मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या बाजूला तीन रंगांची सॉकेट असलेली छोटी केबल लागते. ती शक्यतो टीव्हीसोबत आलेलीच वापरावी. दुकानातल्या अशा सगळ्या केबलची आतली जोडणी सारखी नसते. चुकीची असेल तर चित्राच्या जागी घरघर ऐकू येते.

यातलं काहीच नसेल तर ‘एव्ही टू एचडीएमआय’ कन्व्हर्टर घ्यावा लागतो. त्याने चित्र येतं, पण ते पूर्वी आठवतं तितकं छान दिसत नाही. जुने गेम कमी रेषांच्या टीव्हीसाठी काढलेले होते. डबा टीव्हीवर त्यांच्या कडा आपोआप मऊ दिसायच्या, मोठ्या एलईडीवर त्याच फाटल्यासारख्या दिसतात. चित्र आडवं ताणलेलं दिसत असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये १६:९ ऐवजी ४:३ निवडा.

याहून मोठी अडचण उशिराची आहे. डबा टीव्ही आलेला सिग्नल लगेच पडद्यावर काढतो. नवा टीव्ही तो आधी साठवतो, मोठा करतो, सजवतो आणि मग दाखवतो. हा सेकंदाचा छोटासा भाग असतो, पण बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते आणि खेळणाऱ्याला ते लगेच कळतं. टीव्हीतला ‘गेम मोड’ चालू केला की ही सजावट कमी होते आणि उशीरही. जुन्या गेमचे खरे शौकीन त्यासाठी ओएसएससी किंवा रेट्रोटिंकसारखे खास अपस्केलर वापरतात. ते साध्या कन्व्हर्टरपेक्षा बरेच महाग असतात, अधूनमधून खेळणाऱ्याला त्यांची गरज नाही.

बंदुकीने बदकं मारायचा गेम का चालत नाही?

कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमसोबत मिळणारी प्लास्टिकची बंदूक अनेकांना आठवत असेल. ‘डक हंट’ या गेममध्ये चाप ओढला की क्षणभर स्क्रीन काळी व्हायची आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा. बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारा सेन्सर असतो. त्याला तो चौकोन ठरलेल्या क्षणी दिसला तर नेम लागला.

ही सगळी युक्ती पिक्चर ट्यूबच्या वेगावर आणि तिच्या उजेडाच्या खास लुकलुकीवर बेतलेली आहे. एलईडी टीव्हीवर चौकोन उशिरा येतो आणि तशी लुकलुकही नसते. म्हणून कितीही चांगला कन्व्हर्टर लावला तरी बदक मरत नाही. या गेमसाठी डबा टीव्हीच लागतो. घरात तो चालू स्थितीत असेल, तर टाकून देण्याआधी याचा विचार करायला हरकत नाही.

कॉम्प्युटरच्या मॉनिटरला कन्सोल जोडायचा असेल तर?

हॉस्टेलमध्ये किंवा भाड्याच्या खोलीत टीव्ही नसतो, पण मॉनिटर असतो. तिथे पोर्टनुसार उत्तर बदलतं.

- एचडीएमआय: थेट जोडा.
- डीव्हीआय: साधा अ‍ॅडॅप्टर चालतो, कारण डीव्हीआयचा डिजिटल सिग्नल एचडीएमआयसारखाच असतो. आवाज मात्र बहुतेक वेळा येत नाही आणि जुन्या मॉनिटरवर एचडीसीपीची अडचण येऊ शकते.
- व्हीजीए: अ‍ॅनालॉग आहे. त्यामुळे चिप असलेला ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ कन्व्हर्टर लागतो. आवाजासाठी बाजूला वेगळी जागा असलेलाच घ्या.
- डिस्प्लेपोर्ट: इथे फसगत जास्त होते. दुकानात सहज मिळणारी ‘डिस्प्लेपोर्ट टू एचडीएमआय’ केबल कॉम्प्युटरमधून टीव्हीकडे जाणाऱ्या सिग्नलसाठी असते. कन्सोलमधून मॉनिटरकडे जायचं तर उलट दिशेचा, वीज लागणारा कन्व्हर्टर हवा.

मॉनिटरला स्पीकर नसेल तर आवाजाचा सोपा मार्ग कंट्रोलरमध्येच आहे. प्लेस्टेशन ४ आणि ५ च्या कंट्रोलरला हेडफोनचं छिद्र असतं. स्विचमध्ये ते कन्सोलच्या वरच्या कडेला आहे आणि डॉकमध्ये ठेवल्यावरही वापरता येतं.

१४४०पी मॉनिटर असेल तर प्लेस्टेशन ५ त्यावर पूर्ण रिझोल्यूशन देतो. ही सोय सप्टेंबर २०२२ च्या अपडेटमध्ये आली, त्यामुळे जुनं सॉफ्टवेअर असेल तर आधी अपडेट करा. प्लेस्टेशन ४ प्रोमध्ये हा पर्याय नाही.

खरेदीआधी तीन प्रश्न

दुकानात जाण्याआधी कन्सोलच्या आणि टीव्हीच्या मागचा फोटो मोबाइलमध्ये काढून घ्या. मग तीनच प्रश्न विचारा. कन्सोलमधून काय बाहेर येतं? टीव्ही आत काय घेतो? दोन्ही एकाच जातीचे नसतील, तर कन्व्हर्टरची दिशा तीच आहे का? ही उत्तरं तयार असली की दुकानदाराने पुढे केलेली कोणतीही केबल घेण्याची वेळ येत नाही.

एक काळजी मात्र नक्की घ्या. डबा टीव्हीवर चित्र येत नाही म्हणून त्याचं मागचं झाकण उघडू नका. रंगीत पिक्चर ट्यूबमध्ये २० हजार व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहू शकतो. ते काम मेकॅनिकचं. टीव्ही खरोखरच संपला असेल तर तो कचऱ्यात टाकू नका, त्याच्या काचेत शिसं असतं. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच तो द्यावा.