ससा, सासरा आणि राखाडी रंग

‘ससा’ आणि ‘सासरा’ हे दोन शब्द एकाच वाटेनं मराठीत आले आहेत. ती वाट उलगडली की आपला ससा नेमका कोणता, याचाही निकाल लागतो.

निकाल लावायलाच हवा, कारण आपण एकाच नावात दोन प्राणी कोंबले आहेत. धाराशिव जिल्ह्यात बालाघाटच्या माळावर, येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात किंवा तुरीच्या शिवारात पायाजवळून अचानक उठून पळतो तो इंग्रजीतला ‘हेअर’. मानेमागच्या काळ्या डागावरून त्याचं शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकॉलिस पडलं. पिंजऱ्यात कोबीची पानं खाणारा, लाल डोळ्यांचा पांढरा तो ‘रॅबिट’. त्याचं मूळ स्पेन-पोर्तुगालकडे. भारताच्या रानात तो कधी नव्हताच. रॅबिट बिळात राहतो. मादी छातीचे केस उपटून गादी करते आणि साधारण महिन्याभरात उघडी-नागडी, डोळे मिटलेली पिल्लं घालते. आपली ससीण बीळ खणत नाही. गवतात अंगापुरता खळगा, तेवढंच तिचं घर. पिल्लं जास्त दिवस पोटात राहतात आणि जन्मतात तीच अंगभर केस घेऊन, डोळे उघडे ठेवून. उघड्या माळावर दुसरं काही परवडणारंही नाही.

आता शब्दाकडे. संस्कृतात ‘शश’. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळात तो चक्क वस्तरा गिळताना भेटतो. धातुपाठ सांगतो की ‘शश्’ म्हणजे उड्या मारत जाणे, म्हणून उड्या मारणारा तो शश. ऐकायला सोपं आहे, आणि तिथंच मला शंका येते. या धातूची क्रियापदं साहित्यात कुठं नांदताना दिसत नाहीत. नाव आधी होतं आणि त्याच्यासाठी धातू मागाहून बेतला, असंच मला वाटतं. शिवाय उड्या बेडूकही मारतो.

भाषाशास्त्रज्ञांचं उत्तर वेगळं आहे. जर्मनमध्ये सशाला ‘हाझे’ म्हणतात, इंग्रजीत ‘हेअर’, आणि बाल्टिक किनाऱ्यावरच्या, आता लोपलेल्या प्रशियन भाषेत ‘सासिन्स’. जुन्या इंग्रजीत ‘हासू’ म्हणजे करडा. लॅटिनमध्ये ‘कानुस’ म्हणजे पिकल्या केसांचा. सगळ्यांच्या मुळाशी राखाडी रंग. म्हणजे आपला ससा हा ‘करड्या’.

मग संस्कृतात दोन ‘श’ कसे? या मुळावरून ‘शस’ व्हायला हवं होतं. इथं सासरा मदतीला येतो. ‘श्वशुर’ हा शब्दही मुळात ‘स्वशुर’ होता; पुढच्या ‘श’नं मागच्या ‘स’ला आपल्यासारखं केलं. ‘श्मश्रू’चंही तेच झालं. सशात ओढ उलटी, मागच्या ‘श’नं पुढच्याला ओढलं, पण खोड तीच. महाराष्ट्री प्राकृतात सगळे ‘श’ परत ‘स’ झाले आणि मराठीत आले ससा आणि सासरा. सासऱ्यानं आपला पहिला ‘स’ परत मिळवला, सशानं दुसरा.

रंगावरून नाव का ठेवावं? शिकारी ज्याच्या मागावर असतो त्याचं खरं नाव घेत नाही, हे माझ्या मते कारण. आपल्याकडेही रात्री सापाला ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’च म्हणतात. कुणी म्हणेल, धाराशिवचा ससा राखाडी कुठं, तो तर भुरा, ढेकळाच्या रंगाचा. मान्य. पण नाव उत्तरेच्या थंड गवताळ मुलखातून चालत आलं. तिथला ससा जास्त करडा असणार. आणि चंद्राकडे बघा: शशांकाचा तो डाग करडाच आहे. शश पांढरा असता तर पांढऱ्या चंद्रावर तो दिसला असता का?

पांढऱ्याची कुळकथा त्यामानानं आखूड आहे. इ.स. 600 च्या सुमारास पोपनं रॅबिटची कोवळी पिल्लं उपवासाला चालतील असं ठरवलं आणि फ्रान्समधल्या मठांत ते माणसाळले, ही गोष्ट वर्षानुवर्षं छापली गेली; 2018 मध्ये संशोधकांनी ती निराधार ठरवली. पालनातल्या ‘न्यूझीलंड व्हाइट’ जातीचं नावही असंच फसवं, ती घडली अमेरिकेत. बालपुस्तकांतल्या चित्रांनी मात्र हा पाहुणा घरधनी करून टाकला. पंचतंत्रात सिंहाला विहिरीत पाडणारा आणि इसापाकडे कासवाशी हरणारा, दोघंही मुळात हेअर. आपल्या चित्रांत दोघंही पांढरे.

पांढरा पाळता येतो. शिवारातला धरणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. आणि दोघांचा संकर करून पैदास काढली असं कुणी बाजारात सांगितलं तर पैसे खिशातच ठेवावेत. शिवारातल्याची गुणसूत्रं 48, पांढऱ्याची 44. ते जमत नाही.