‘रिक्षा’ या शब्दातला माणूस

‘रिक्षा’ हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे की तो जपानी आहे हे मुद्दाम सांगावे लागते. मूळ शब्द ‘जिनरिकिशा’. जिन म्हणजे माणूस, रिकि म्हणजे शक्ती आणि शा म्हणजे वाहन. 1870 च्या सुमारास ही गाडी जपानच्या रस्त्यांवर आली आणि पुढे आशियाभर पसरली. बोलता बोलता शब्दाचा पहिला भाग गळाला. म्हणजे नेमका ‘माणूस’ गळाला! गाडी मात्र तोच ओढत राहिला.

माथेरानला गेला असाल, तर तो तुम्ही पाहिला असेल. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट 1850 मध्ये या डोंगरावर आले आणि पुढे तेथे थंड हवेचे ठिकाण वसले. 1907 मध्ये नेरळहून छोटी रेल्वे आली. मोटारी मात्र दस्तुरी नाक्यापर्यंतच. तेथून पुढे पायी, घोड्यावर किंवा हातरिक्षात. 2003 मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाले. मोटारबंदीने हवा स्वच्छ राहिली हे खरेच; पण तांबड्या मातीच्या चढावर रिक्षा ओढणाऱ्याची आणि मागून रेटणाऱ्याची छाती भरून येत होती, हेही तितकेच खरे.

शेवटी या रिक्षाचालकांनीच न्यायालयात दाद मागितली. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-रिक्षांच्या प्रयोगाला परवानगी दिली आणि ऑगस्ट 2025 मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. त्यासाठी पंजाबातील सायकलरिक्षांच्या 1980 च्या निकालाची आठवण करून दिली. तेव्हा प्रश्न होता मालकीचा: रिक्षा चालवणाऱ्यालाच ती विकत घेता यावी, म्हणून न्यायालयाने कर्जाची योजना आखून दिली होती. माथेरानच्या ई-रिक्षाही आधी खऱ्या हातरिक्षाचालकांना मिळाव्यात, असे न्यायालयाने बजावले आहे.

हे बजावणे गरजेचे होते. नवे वाहन आले की कष्ट कमी होतात. पण मिळकतही त्याच हातांत राहील, याची हमी कोणतेही यंत्र देत नाही. ती कायद्याने आणि आपल्या लक्ष ठेवण्याने मिळवावी लागते.

पुढच्या भारतभेटीत मुला-नातवंडांना घेऊन माथेरानला जा. ई-रिक्षात जरूर बसा आणि चालकाला विचारा, ‘दादा, गाडी स्वतःची का?’ उत्तर ‘हो’ आले, तर शब्दातून गळालेला माणूस परत आला असे समजा.