औरंगाबादचं शिबिर, मिस इंडियाचं ट्रेनिंग आणि दोन मुली : 'द वर्ल्ड बिफोर हर' ही डॉक्युमेंटरी नेमकी आहे तरी काय?

मे महिना लागला की नांदेड-लातूरच्या भिंतींवर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच गर्दी असते. बालनाट्य शिबिर, संस्कार शिबिर, कराटे शिबिर, व्यक्तिमत्त्व विकास शिबिर. पोरं घरात नुसती लोळण्यापेक्षा काहीतरी शिकतील म्हणून आईबापही पैसे भरून मोकळे होतात. आठ-दहा दिवसांनी पोरगं परत येतं ते जरा वेगळं बोलत, वेगळं चालत. पण या मधल्या दिवसांत आत नेमकं काय होतं, हे आपण फार विचारत नाही.

असाच प्रश्न घेऊन एक दिग्दर्शिका मराठवाड्यात आली होती. तिचं नाव निशा पाहुजा. मूळची भारतीय, वाढली कॅनडात. तिची 'द वर्ल्ड बिफोर हर' ही दीड तासाची डॉक्युमेंटरी २०१२ साली आली. यातलं एक शिबिर आहे औरंगाबादचं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचं. दुसरं मुंबईतलं.

औरंगाबादचं शिबिर होतं दुर्गा वाहिनीचं. ही विश्व हिंदू परिषदेची तरुण मुलींची शाखा. मुलींना संस्कार आणि स्वसंरक्षणाचे धडे देणं हा शिबिराचा हेतू, असं संघटना सांगते. या शिबिरात सिनेमाचा कॅमेरा जाण्याची ही पहिलीच वेळ होती. मुंबईतलं शिबिर होतं फेमिना मिस इंडिया स्पर्धेचं. देशभरातून निवडलेल्या २० मुली, महिनाभराचं ट्रेनिंग आणि शेवटी मुकुट.

आता तुम्ही म्हणाल, या दोन गोष्टींचा संबंध काय? एकीकडे पांढरा सलवार-कमीज आणि भगवा पट्टा, दुसरीकडे बिकिनी आणि हाय हिल्स. पाहुजाने दोन्ही शिबिरं आलटून पालटून दाखवली आहेत. बघता बघता लक्षात येतं की दोन्हीकडे काम एकच चाललंय. मुलींना एक भूमिका दिलेली आहे, आणि ती अंगात भिनेपर्यंत तालीम करून घेतली जाते.

औरंगाबादला पहाटेपासून कवायत असते. लाठी, कराट्यासारखे डाव, बंदूक कशी धरायची ते. समोर शत्रू नसतोच, पण तो आहे असं समजून वार करायचा असतो. मग बौद्धिकं. वक्ते शत्रू कोण ते सांगतात, आणि मुलीने लग्न वेळेत करावं, वय वाढलं की ती ऐकेनाशी होते, हेही सांगतात. म्हणजे सकाळी लढायला शिकवायचं आणि दुपारी वाकायला. शेवटच्या दिवशी शहरातून शोभायात्रा निघते आणि काही दिवसांपूर्वी लाजत आलेल्या मुली रस्त्यावर बेंबीच्या देठापासून घोषणा देतात.

मुंबईत कसं चालायचं, कसं हसायचं, परीक्षकाच्या प्रश्नाला कसं उत्तर द्यायचं याची तालीम. त्वचा उजळवण्याचे उपचार, बोटॉक्सची इंजेक्शनं. एका प्रसंगात तर मुलींना डोक्यावरून कापड घालून चालायला लावतात, कारण पाहणाऱ्याला चेहरा नको, फक्त पाय बघायचेत. गंमत अशी की त्या कापडात त्या मुली बुरख्यात असल्यासारख्या दिसतात. पाहुजा यावर एक शब्द बोलत नाही. गरजही पडत नाही.

फिल्मचा खरा जीव मात्र प्राचीत आहे.

प्राची तेव्हा विशीतली. दुर्गा वाहिनीत लहान मुलींना शिकवणारी, दणकट आवाजाची, शिबिरातल्या मुलींना धाकात ठेवणारी. ती स्वतःबद्दल सांगते की मी चारचौघींसारखी नाही. तिला लग्न नकोय, आयुष्य संघटनेला द्यायचंय. आणि इथेच गाडी अडते. ज्या विचारासाठी ती सगळं द्यायला तयार आहे, तोच विचार तिला सांगतो की बाईचं खरं काम लग्न आणि मूल. तिचे वडीलही तेच म्हणतात. ते तिला मारतात, हे ती कॅमेऱ्यासमोर सांगते, तेही तक्रारीच्या सुरात नाही. मुलगी झाली म्हणून लोक मारून टाकतात, माझ्या वडिलांनी मला जगू दिलं, यातच सगळं आलं, असा तिचा हिशेब.

हा प्रसंग बघताना मला तरी पॉज करावं लागलं. तिचं राजकारण पटो न पटो, ती मुलगी डोक्यातून जात नाही.

आता दुसरीकडची गोष्ट बघा. २००९ ची मिस इंडिया पूजा चोप्रा या फिल्ममध्ये आहे. ती जन्मली तेव्हा घरात दुसरीही मुलगीच झाली म्हणून वडिलांना ती नको होती. आई दोन्ही मुलींना घेऊन घराबाहेर पडली आणि एकटीने त्यांना वाढवलं. म्हणजे मुकुट घातलेली पूजा आणि लाठी धरलेली प्राची, दोघींची सुरुवात एकाच ठिकाणाहून होते : मुलगी म्हणून जिवंत राहायला मिळालं.

हे काही सिनेमातलं नाटक नाही. ज्या २०११ साली ही मिस इंडिया स्पर्धा झाली, त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८९४ मुली निघाल्या. आपल्या मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्यात फक्त ८०७. फिल्म एप्रिल २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रायबेका महोत्सवात दाखवली गेली आणि पुढच्याच महिन्यात परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण उघडकीला आलं. परळी म्हणजे लातूर-नांदेडकरांचा शेजारच.

ट्रायबेकात फिल्मला सर्वोत्कृष्ट डॉक्युमेंटरीचा पुरस्कार मिळाला. टोरंटोच्या हॉट डॉक्स महोत्सवात सर्वोत्कृष्ट कॅनेडियन फिल्मचाही. भारतात थिएटरात यायला मात्र जून २०१४ उजाडलं, तेही अनुराग कश्यपने ती सादर केली तेव्हा. एक मराठी कनेक्शनही आहे. फिल्मच्या दोन छायाचित्रकारांपैकी एक मृणाल देसाई, ज्यांनी पुढे चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' शूट केला.

शिबिरांवरच्या डॉक्युमेंटरी जगभर झाल्यात. अमेरिकेतल्या 'जीझस कॅम्प'मध्ये (२००६) लहान मुलांचं धार्मिक शिबिर आहे. त्या फिल्मनंतर इतका गदारोळ झाला की शिबिर बंद पडलं. 'बॉईज स्टेट' (२०२०) मध्ये टेक्सासची हजारभर पोरं आठवडाभर खोटं-खोटं सरकार चालवतात. खोटे पक्ष, खोटी निवडणूक, पण एकमेकांवरची चिखलफेक मात्र अस्सल. पोरांना मोठ्यांचा खेळ खेळायला दिला की ती मोठ्यांसारखीच वागतात, हे तिथेही दिसतं.

'द वर्ल्ड बिफोर हर'बद्दल एक तक्रार करता येते. भारतीय मुलीपुढे जणू हे दोनच रस्ते आहेत, असं फिल्म बघताना वाटत राहतं. लातूरच्या क्लासला पोटाला चिमटा काढून आलेली, डॉक्टर व्हायचं म्हणून रात्रभर जागणारी पोरगी यात कुठेच नाही. पण पाहुजाने बाजू घेऊन भाषण ठोकलेलं नाही, हेही खरं. शिबिरातल्या मुलींची ती चेष्टा करत नाही आणि मॉडेल्सचीही कीव करत नाही.

पुढे काय झालं? जयपूरची रुही सिंग ही स्पर्धेतली फिल्मची मुख्य मुलगी. घरचे पूर्ण पाठीशी असूनही ती मुकुट जिंकली नाही. नंतर ती मधुर भांडारकरच्या 'कॅलेंडर गर्ल्स'मध्ये (२०१५) दिसली. पाहुजाने त्यानंतर 'टू किल अ टायगर' (२०२२) बनवली. झारखंडमधला एक शेतकरी बाप सामूहिक बलात्कार झालेल्या आपल्या १३ वर्षांच्या मुलीसाठी अख्ख्या गावाच्या विरोधात कोर्टात उभा राहतो, त्याची ही गोष्ट. २०२४ च्या ऑस्करसाठी तिला नामांकन होतं. दोन्ही फिल्म लागोपाठ बघायच्या असतील तर आधी औरंगाबादचा बाप बघा, मग झारखंडचा.