न उघडलेले दार

रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या संसाराची गोष्ट, ज्या घरात ‘स्मृतिचित्रे’ वाचली गेली आहेत तिथे नव्याने सांगायला नको. पण त्या गोष्टीत एक कायदा दडलेला आहे. तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा जेमतेम सव्वीस वर्षांच्या, पदरी लहान मुलगा. नवरा बाटला म्हणजे त्या काळच्या ब्राह्मण घरात तो असून नसल्यासारखाच. त्या नातलगांच्या आधाराने पंढरपुरास राहिल्या.

आता तो कायदा पाहा. १८६६ सालापासून, धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने टाकलेल्या ख्रिस्ती माणसाला न्यायालयात जाता येई. न्यायाधीश जोडीदाराची समक्ष विचारपूस करी, नकार मिळाला तर प्रकरण वर्षभर तहकूब ठेवी, आणि तरीही नकार कायम राहिला तर विवाह मोडून दोघांनाही पुनर्विवाहाची मोकळीक देई. टिळकांना हे दार मोकळे होते. शास्त्राचीही आडकाठी नव्हती. बायको आपणहून निघून गेली तर ख्रिस्ती माणूस बांधलेला नाही, असे खुद्द पौलानेच करिंथकरांस लिहिले आहे. शिवाय टिळकांचे वचन चर्चमध्ये दिलेले नव्हतेच, ते होमापुढचे! तरी त्यांनी ते दार उघडले नाही. ख्रिस्ती विवाहातली आजन्म निष्ठा त्यांनी एका हिंदू लग्नाला लावली.

पण स्पष्ट सांगायचे तर मला लक्ष्मीबाईंचीच बाजू जड वाटते. टिळकांना नवी श्रद्धा तरी सापडली होती. बाई अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) नवऱ्याकडे परतल्या त्या श्रद्धा बदलली म्हणून नव्हे. आपला धर्म, आपली वेगळी चूल, आपले सोवळे सांभाळूनच परतल्या. नातलगांचा रोष पत्करला तो केवळ या माणसासाठी. आणि माणूसही कसा, तर तापट, लहरी, हातात पैसा न टिकणारा! बाप्तिस्मा त्यांनी घेतला १९०० साली, स्वतःच्या मनाला पटल्यावर. टिळकांनीही तोवर वाट पाहिली.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, तेव्हा संसाराची घडी पुन्हा विस्कटली. १९१९ साली ते गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरेच राहिले होते. ज्या बायकोला त्यांनी घरी लिहावाचायला शिकवले होते, तिनेच ते पुढे लिहायला घेतले.