सुट्टीचा दिवस आणि बंद दारे

परक्या शहरी चार दिवस सुट्टीत काढावयाचे म्हटले म्हणजे मनुष्य प्रथम प्रवासखर्चाचा, मग राहण्याच्या जागेचा आणि सर्वांत शेवटी पंचांगाचा विचार करितो. वस्तुतः हा क्रम अगदी उलटा असावयास हवा. नाताळात लंडन पाहावयास निघालेल्या आमच्या एका स्नेह्यांनी आपला बेत आम्हांस दाखविला, तेव्हा 24, 25 व 26 डिसेंबर हे तीन दिवस त्यांनी ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम ह्यांस मोठ्या नेटकेपणाने वाटून दिलेले आढळले. ह्या तिन्ही दिवशी ह्या तिन्ही संस्थांची दारे बंद असतात. 25 तारखेस तर भुयारी रेल्वेसुद्धा धावत नाही. बेत नव्याने आखण्यास आम्ही बसलो खरे, पण सुट्टीच्या दिवशी लंडनात कोणते दार उघडे आणि कोणते बंद, ह्याचा शोध घेता घेता वेळापत्रक बाजूस राहिले आणि एका जुन्या भांडणाच्या इतिहासात आम्ही शिरलो.

ब्रिटिश म्युझियमची स्थापना 1753 च्या कायद्याने झाली व 1759 च्या जानेवारीत ते लोकांस खुले झाले. ‘लोकांस’ हा शब्द येथे जपूनच घ्यावयाचा. आरंभी आगाऊ लेखी अर्ज करून प्रवेशपत्रिका मिळवावी लागे. शनिवार-रविवारी संग्रहालय बंद. आणि नाताळ, ईस्टर व व्हिट्सन ह्या सणांच्या आठवड्यांतही बंद. म्हणजे ज्या मोजक्या दिवशी कारागिरास हात रिकामे मिळत, नेमके तेच दिवस वगळलेले. 1835 साली पार्लमेंटच्या चौकशी समितीने ह्याविषयी प्रश्न केला, तेव्हा संग्रहालयाचे मुख्य ग्रंथपाल सर हेन्री एलिस ह्यांनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. गोदीतले खलाशी आणि त्यांच्यासवे येणाऱ्या मुली ह्यांच्या सोबतीने म्युझियम पाहणे वरच्या वर्गातील मंडळींस रुचणार नाही, असा त्याचा मथितार्थ. दोनच वर्षांनी, 1837 च्या ईस्टरच्या सोमवारी, दार उघडण्यात आले आणि सुमारे 23 हजार माणसे आत जाऊन आली. त्यांत खलाशी किती होते ते मोजण्याची तसदी कोणी घेतली नसावी.

सणाचा सोमवार असा जिंकला गेला. रविवार जिंकणे मात्र फार कठीण गेले, कारण तेथे आडवा येणारा पक्ष केवळ प्रतिष्ठितांचा नव्हता. 1851 चे हाईड पार्कातले महाप्रदर्शन साठ लक्षांच्या भेटींनी गाजले, पण ते दर रविवारी बंद असे. 1854 साली त्याचा काचमहाल सिडनहॅमच्या टेकडीवर पुन्हा उभारला, तोही रविवारी बंद. 1855 च्या उन्हाळ्यात लॉर्ड रॉबर्ट ग्रोव्हनर ह्यांनी रविवारचा बाजार बंद पाडणारे विधेयक आणले. शनिवारी रात्री मजुरी हाती पडणाऱ्यांनी धान्य-भाजी घ्यावी केव्हा, हा प्रश्न त्यांस सुचला नसावा. त्या वेळी हाईड पार्कात हजारो लोक जमले आणि गाडीतून फेरफटका करणाऱ्या उमरावांस ‘तुम्हीच चर्चमध्ये जा’ म्हणून ओरडू लागले. एरवी ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसणारा कार्ल मार्क्स त्या रविवारी ह्या गर्दीत होता. इंग्लंडातील क्रांतीस येथूनच आरंभ झाला, असेही त्याने लिहून टाकले. क्रांती झाली नाही, पण विधेयक मागे घेतले गेले.

त्याच वर्षी रविवार मोकळा व्हावा म्हणून नॅशनल संडे लीग स्थापन झाली. पुढील वर्षी, 1856 च्या फेब्रुवारीत, सर जोशुआ वॉम्स्ली ह्यांनी ब्रिटिश म्युझियम व नॅशनल गॅलरी रविवारी सकाळच्या उपासनेनंतर उघडावी, असा ठराव कॉमन्स सभेत मांडला. तो 48 विरुद्ध 376 मतांनी पडला.

तरुणपणी हे आकडे वाचून आम्ही त्या 376 जणांस हसत असू. आज तितके हसू येत नाही. त्यांतील बहुसंख्य धर्मभीरू होते हे खरे. पण त्यांच्या पाठीशी श्रमजीवींचाही एक वर्ग होता आणि त्याचे म्हणणे साधे होते. संग्रहालय उघडले की रखवालदार कामावर आला; रखवालदार आला की गाडी हाकणारा आला, उपाहारगृहातला आचारी आला; मग कारखानदारानेच तेवढे मागे का राहावे? सहा दिवसांच्या घामानंतरचा तो एकच दिवस, आणि त्याभोवतीचे कुंपण धर्माचे असले तरी कुंपणच होते. पाथरवटाचे काम करून पार्लमेंटात पोचलेले हेन्री ब्रॉडहर्स्ट ह्यांच्यासारखे कामगारांचे पुढारीही रविवार-प्रवेशाच्या विरुद्ध बाजूस उभे राहिले, ते उगाच नव्हे. दोन्ही पक्ष मजुराच्याच कल्याणाच्या गोष्टी सांगत होते. एकास त्याची विश्रांती राखावयाची होती, दुसऱ्यास त्या विश्रांतीत काही भर घालावयाची होती. साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाचे संस्थापक हेन्री कोल ह्यांनी 1857 पासून गॅसच्या दिव्यांवर संध्याकाळी दारे उघडी ठेवून मधला मार्ग काढला. आणि गंमत अशी की, एवढ्या वादात हॅम्प्टन कोर्टचा राजवाडा रविवारी बिनबोभाट उघडा असे व बंद राही तो शुक्रवारी!

सुट्टीचे दिवस वाढले ते पेढ्यांच्या दाराने. बँक ऑफ इंग्लंड पूर्वी साधुसंतांचे सुमारे 33 दिवस पाळीत असे. 1834 मध्ये ते चारांवर आले. पेढीवाले, शास्त्रज्ञ व डार्विनचे शेजारी सर जॉन लबक ह्यांच्या 1871 च्या कायद्याने ईस्टरचा सोमवार, व्हिट्सनचा सोमवार, ऑगस्टचा पहिला सोमवार आणि 26 डिसेंबर ह्या दिवशी पेढ्या बंद ठरविल्या. त्या दिवशी मुदत भरणारी हुंडी दुसऱ्या दिवशी फेडावी, एवढीच त्यातली योजना. पण पेढी बंद म्हणजे व्यापार बंद, आणि व्यापार बंद म्हणजे अवघे शहर मोकळे. लोकांनी कृतज्ञतेने ऑगस्टच्या सोमवारास ‘संत लबकांचा दिवस’ असे नाव दिले. आपल्याकडेही सार्वजनिक सुट्ट्या आजतागायत 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या 25 व्या कलमाखाली जाहीर होतात. आपल्या दिवाळीची सुट्टीही कागदोपत्री हुंडीच्या कायद्यातूनच येते!

ब्रिटिश म्युझियमचे दार रविवारी उघडले ते 1896 साली. वॉम्स्लींच्या ठरावानंतर चाळीस वर्षे गेली होती. तत्पूर्वी सहा वर्षे, 10 जून 1890 रोजी, मुंबईच्या गिरणीमालकांनी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांची रविवारच्या सुट्टीची मागणी मान्य केली होती. लोखंड्यांस आधी दिवसच मिळवावयाचा होता. तो कसा घालवावा हा वाद करण्याची चैन आमच्या गिरणीकामगारास अद्याप परवडणारी नव्हती.

आता लंडनात काळ पार उलटला आहे. 1994 च्या कायद्याने मोठ्या दुकानांस रविवारी सहाच तास व्यापार करता येतो आणि ईस्टरच्या रविवारी मुळीच नाही. ब्रिटिश म्युझियम मात्र त्या दिवशी उघडे. 1856 साली बाजार चालू आणि म्युझियमला कुलूप होते. आमच्या स्नेह्यांनी अखेर नाताळ सोडून ईस्टर धरला. रविवार ब्लूम्सबरीस दिला असून सगळी खरेदी शनिवारी उरकावयाची ठरली आहे.