केस, कंड्या आणि गहू

ताप आला तर मनुष्य वैद्याकडे जातो, दात दुखला तर दंतवैद्याकडे जातो. केस गळू लागले की मात्र तो आधी शेजाऱ्याला विचारतो. केसांच्या बाबतीत प्रत्येकजण थोडाफार धन्वंतरी असतोच. पूर्वी हा सल्ला विहिरीवर, आठवडी बाजारात किंवा न्हाव्याच्या पुढ्यात बसले असता मिळे, आणि तो देणारा माणूस निदान ओळखीचा असे. आता तो हातातल्या फोनवर मिळतो आणि देणारा कोण, कुठला, याचा पत्ता नसतो. कोणी कांद्याचा रस चोळावयास सांगतो, कोणी तांदळाचे पाणी. ज्या धुवणावर आमच्या झाडीपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या गुरे पोसली, तेच धुवण आता बाटलीत भरून 'केशवर्धक' म्हणून मिरवू लागले आहे. धानाच्या या मुलखाला हसावे की रडावे, हेच कळेनासे व्हावे!

परंतु हा विषय नुसत्या थट्टेवारी नेण्यासारखा नाही. केसांच्या कंड्यांमागे कधी कधी माणसांची अब्रू आणि प्रकृती दोन्ही पणाला लागतात. त्याचे अगदी ताजे उदाहरण आपल्याच विदर्भात घडून गेले आहे. त्याकडे वळण्यापूर्वी जुन्या समजुतींची थोडी झाडाझडती घेऊ.

केसाचे दोन भाग ध्यानात ठेवले तर निम्मा गोंधळ मिटतो. आपल्या डोळ्यांना दिसतो तो केस निर्जीव असतो. नखाप्रमाणे तोही केराटिन नावाच्या द्रव्याचा बनलेला असतो. जिवंत असते ते त्वचेखालचे मूळ. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात, ते महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, आणि रोज पन्नास ते शंभर केस गळणे हा निसर्गाचा नेम आहे. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, मग दोनतीन महिने विसावतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा उगवतो. बाहेरून लावलेले तेल केसाच्या काडीचे भले करू शकते. मुळाचा कारभार मात्र पोटातून आणि रक्तातून चालतो.

आता जावळाचे पाहा. लहान मुलाचे जावळ काढले, वरचेवर गोटा केला, म्हणजे केस दाट येतात, असे आपल्याकडे घरोघर मानतात. जावळ काढणे हा संस्कार म्हणून ज्याला करावयाचा त्याने खुशाल करावा. पण वस्तरा चालतो तो निर्जीव काडीवर, मुळाला त्याचा पत्ताही नसतो. १९२८ साली मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी माणसांच्या दाढीचे केस मोजून-मापून दाखविले की, वस्तऱ्याने केसाची जाडी वाढत नाही आणि वाढीचा वेगही बदलत नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, म्हणून तो हाताला राठ लागतो, इतकेच. या गोष्टीला शतक होत आले, तरी समजूत जागची हललेली नाही.

उलट, आजीबाईचे सगळेच खोटे असेही नव्हे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची केसांवर तुलना केली. खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुण्या-विंचरण्यात होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे त्यांना आढळले. बाकीच्या दोघांना ते साधले नाही. ही कंपनी खोबरेलच विकते, हे वाचकाने विसरू नये. पण प्रयोगाची रीत उघड मांडलेली आहे, आणि तो कोणालाही पडताळता येतो. तेव्हा खोबरेलाने केस मऊ राहतो, तुटत नाही, हे खरे. टकलावर केस उगवतात हे मात्र त्यातून निघत नाही. कांद्याच्या रसाची कुळकथाही अशीच आहे. २००२ साली इराकमधील डॉक्टरांनी ३८ रोग्यांवर जो प्रयोग केला, तो चाई पडलेल्यांवर होता. चाई हा निराळा रोग, आणि तो पुष्कळदा आपोआपही बरा होतो. त्या एवढ्याशा प्रयोगाचे पुढे सर्व टकलांवरचे रामबाण औषध झाले! बहुतेक कंड्यांच्या पोटात असा एखादा सत्याचा दाणा असतोच. भोवतालचा फुफाटा मात्र लोकांनी चढवलेला असतो.

आणखी एक गंमत आहे. मोठा ताप किंवा बाळंतपण झाले की दोनतीन महिन्यांनी केस झुबक्याने गळतात. करोनाच्या साथीनंतर हा अनुभव असंख्य लोकांना आला. हे गळणे काही महिन्यांत आपोआप थांबते आणि केस परत येतात. पण मधल्या काळात घाबरलेला मनुष्य काही ना काही डोक्याला चोळीत असतोच. मग केस आले की श्रेय कोणाला? ज्या बाटलीवर त्या दिवशी हात होता तिला. केशतेलांची कीर्ती बव्हंशी अशी उभी राहिली आहे. सरकारला याची जाणीव नव्हती असे नाही. औषधे व प्रसाधने यांच्या १९४५ सालच्या नियमांना जोडलेल्या 'जे' परिशिष्टात, जे विकार बरे करतो असा दावा औषधाने करू नये त्यांची यादी आहे. तीत टक्कल आहे आणि अकाली पिकणारे केसही आहेत. पण कायदा बाटलीवरच्या कागदाला आवरतो, माणसाच्या तोंडाला नाही.

आता शेगावकडे वळू. गजानन महाराजांमुळे हे गाव सर्वांना ठाऊक आहे. २०२४ च्या डिसेंबर अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या या तालुक्यात बोंडगाव, काळवड, हिंगणा इत्यादी खेड्यांतून एक विलक्षण प्रकार सुरू झाला. आधी डोके खाजे, मग केस राठ होत आणि तीनचार दिवसांत हाताबरोबर मुठीने निघून येत. बायाबापड्या, शाळकरी मुली, म्हातारे, कोणी सुटले नाही. जानेवारीत बातमी फुटली आणि 'टक्कल व्हायरस' हा शब्द गावोगाव झाला. ज्यांचे केस गेले त्यांच्या जवळ बसावयास लोक भिऊ लागले. जुळत आलेली लग्ने थांबल्याच्या बातम्या आल्या. कोणी शाम्पूला दोष दिला; पण जन्मात शाम्पू न लावलेलेही त्यात होते. कोणी बुरशी म्हटले. पुष्कळांनी पाण्याकडे बोट दाखविले, कारण हा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. पाणी तपासले तेव्हा त्यात क्षार आणि नायट्रेट जास्त निघालेही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके येऊन रक्ताचे आणि त्वचेचे नमुने घेऊन गेली.

विंचूदंशावरील उपचारासाठी जगभर नावाजलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही आपल्या परीने शोध घेतला. पाणी तर वर्षानुवर्षे खारेच होते. मग केस याच पौषात का गळावे? नवे काय आले? याचे उत्तर त्यांना रेशनच्या गव्हात सापडले. त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले त्याप्रमाणे अठरा गावांतील २७९ लोकांना हा त्रास झाला होता. रोग्यांच्या रक्तात सेलेनियम नेहमीच्या ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट भरले; जस्त मात्र पुष्कळ कमी निघाले. रेशनच्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम होते, तर नेहमीच्या स्थानिक गव्हात १.९. गहू धुऊन पाहिला तरी १३.६१ उरलेच, म्हणजे विष दाण्याच्या बाहेर नव्हते, आत होते. हिशोब शाळकरी मुलालाही जमेल असा आहे. मोठ्या माणसाने दिवसाला ४०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक सेलेनियम घेऊ नये, असा अमेरिकेतील आहारशास्त्रज्ञांचा दंडक आहे. या गव्हाचे पीठ तीस ग्रॅम घेतले, म्हणजे एक लहानशी पोळी, तर ती मर्यादा ओलांडली जाते!

बावस्करांच्या म्हणण्याप्रमाणे हा गहू पंजाब-हरियाणाकडचा. पंजाबातील होशियारपूर आणि नवांशहर या भागांत शिवालिकच्या पायथ्याशी सेलेनियमयुक्त माती असल्याचे लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने फार पूर्वीच नोंदविले आहे. तेथील गुरांचे केस आणि खूर झडतात हेही ठाऊक होते. एप्रिल २०२५ मध्ये याच शेगावच्या खेड्यांतून नखे गळू लागल्याच्या बातम्या आल्या. ज्यांना या धातुसदृश पदार्थाचा इतिहास माहीत होता, त्यांना त्यात नवल वाटले नसेल.

तो इतिहास फार मनोरंजक आहे. बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८१७ साली हे मूलद्रव्य शोधले आणि चंद्राच्या ग्रीक नावावरून त्याला नाव दिले. पण त्याची करणी जुनी आहे. तेराव्या शतकात मार्को पोलोने चीनच्या एका डोंगराळ भागात जनावरांचे खूर गळविणाऱ्या वनस्पतीचा उल्लेख केला. पुढच्या शास्त्रज्ञांनी त्याचा संबंध सेलेनियमशी जोडला. १८५६ साली अमेरिकेत फोर्ट रँडॉल येथील लष्करी डॉक्टर मॅडिसन याने पाहिले की, तिथले गवत खाल्लेल्या घोड्यांची आयाळ आणि शेपटीचे केस झडतात. त्या प्रदेशातील शेतकऱ्यांनी दोष कोणाला दिला? खाऱ्या पाण्याला! रोगाचे नावच त्यांनी 'अल्कली रोग' ठेवले, आणि ते पुढे चिकटून राहिले. १९३० नंतरच्या दशकात दक्षिण डाकोटात कळले की पाणी निर्दोष होते. दोष त्या मातीत उगवलेल्या दाण्यात होता. खारपाणपट्टा तिथेही होता आणि इथेही होता. दोन्हीकडे माणसाने आधी तेच बोट उचलले.

चीनच्या हुबेई प्रांतातील एन्शी येथे १९६१ ते १९६४ या काळात माणसांचेच केस आणि नखे गळाली. सर्वाधिक पीडित अशा पाच खेड्यांतील २४८ रहिवाशांपैकी जवळजवळ निम्मे आजारी पडले. सेलेनियमने भरलेल्या दगडी कोळशातून ते मातीत उतरले होते, आणि दुष्काळाने भात बुडाल्यामुळे लोकांना त्याच मातीतला मका आणि भाजीपाला अधिक खावा लागला होता. आणि त्याच चीनमध्ये केशान भागात सेलेनियम कमी पडल्यामुळे माणसे हृदयविकाराने मरत होती! एकच द्रव्य, कणभर हवे, मणभर नको.

हे 'कणभर' फोनवरच्या सल्लागारांना उमगत नाही. केस वाढावेत म्हणून जी जीवनसत्त्वांची औषधे खावयास सांगतात, त्यांपैकी पुष्कळांत सेलेनियम असते. २००८ साली अमेरिकेत अशाच एका पूरक औषधात ते चुकून शेकडो पटींनी जास्त पडले. २०१ लोक आजारी झाले आणि त्यांतील बहुतेकांचे केस गळाले. केसांसाठी घ्यावे आणि केसच जावेत, याहून मोठा उपहास कोणता?

तेव्हा शास्त्र आणि कंडी यांत फरक कसा करावा? मला तीन प्रश्न पुरेसे वाटतात. सांगणारा काय मोजून सांगतो आहे? ज्यांनी तो उपाय केलाच नाही, त्यांचे काय झाले? आणि सांगणाऱ्याला त्यात विकावयाचे काय आहे? 'व्हायरस' म्हणणाऱ्याने काही मोजले नव्हते. शाम्पूला दोष देणाऱ्याने शाम्पू न लावणाऱ्यांकडे पाहिले नव्हते. दाणा तपासणाऱ्याने आकडे पुढे ठेवले. उद्या दुसऱ्या कोणाला ते खोडून काढावयाचे असतील, तर त्यालाही आकडेच आणावे लागतील. शास्त्राचा मोठेपणा त्याच्या बिनचूकपणात नसून, त्याला चूक दाखवून देता येते यात आहे.

बोंडगावकडच्या बऱ्याच जणांचे केस पुढे परत येऊ लागले. त्या दिवसांत कोणी लिंबू चोळले असेल, कोणी अंगारा लावला असेल. त्या सर्वांची कीर्ती आता वाढेल, त्याला इलाज नाही. पण ज्या मुलींनी त्या हिवाळ्यात डोक्यावरचा पदर घट्ट धरून शाळेची वाट तुडवली, त्यांना आपण अपशकुनी नव्हतो, संसर्गजन्य नव्हतो, फक्त मिळालेल्या गव्हाची पोळी खात होतो, एवढे तरी कोणीतरी जाऊन सांगितले पाहिजे. रेशनचे पोते आमच्या ब्रह्मपुरीलाही येते. धान खाणारा मुलूख म्हणून आम्ही या वेळी सुटलो. पुढच्या वेळी पोत्यात काय आहे हे पोते उघडण्यापूर्वी कोणीतरी पाहिलेले असावे, एवढीच अपेक्षा आहे.